भेटीचे सूत

मराठी घरातील स्त्रीच्या हाती कापूस प्रथम येतो तो बहुधा देवघराच्या निमित्ताने. बोंडातील सरकी बोटांनी काढावी, कापूस हलकेच ओढून मोकळा करावा, बोटांना चिमूटभर भस्म अथवा दुधाचा थेंब लावावा आणि वात वळावी, हे शिक्षण मुलीला कोणत्याही शाळेत मिळत नसे. ते आजीच्या शेजारी बसून मिळे. निरांजनातील फुलवात, समईतील लांब वात, पूजेच्या मूर्तीला घालावयाचे कुंकवाची बोटे लावलेले कापसाचे वस्त्र, या प्रत्येकाची रीत निराळी. चातुर्मासात एखादी गृहिणी लक्ष वातींचा संकल्प सोडी. चार महिन्यांत एक लक्ष म्हणजे दिवसाला ८०० हून अधिक वाती झाल्या! एका जोडीच्या हातांना हे काम पेलण्यासारखे नव्हे. म्हणून दुपारची जेवणे उरकली, भांडी घासून पालथी घातली, मुले निजली, की शेजारणी आपापला कापूस घेऊन ओसरीवर येत. संकल्प एकीचा असला तरी वाती अनेकींच्या असत, आणि कोणीकोणी वळलेल्या वातींची पुडी हळदीकुंकवाला जाताना दुसरीच्या हाती ठेवी. हातचे काम भेट म्हणून देण्याची ही सर्वांत साधी रीत होय.

पुरुष या कामापासून अगदीच दूर होते असे नाही. ब्राह्मण घरांत जानव्याचे सूत टकळीवर काढण्याचे काम एखादे वृद्ध आजोबा करीत. काढलेला धागा चार बोटांभोवती ९६ वेढे घेऊन मोजावयाचा, तो तिपदरी करून पिळावयाचा, पुन्हा तिपदरी करून नऊ पदर झाले म्हणजे ब्रह्मगाठ द्यावयाची, हा विधी सर्वश्रुत आहे. श्रावणीच्या सुमारास अशी जानवी आप्तेष्टांकडे जात. कातणे हे बायकांचे काम, असे ठामपणे सांगणाऱ्या घरातही हे एवढे कातणे पुरुषाच्या प्रतिष्ठेला बाधक ठरत नसे, ही गोष्ट थोडी गमतीची आहे. मेंढरांमागे माळ तुडवीत जाणारा धनगर तर चालता चालता टकळीवर लोकर काढी. त्या लोकरीचे घोंगडे सणगर विणी, त्याला चिंचोक्याची खळ लावी, आणि तेच घोंगडे पावसात छत्री, रात्री अंथरूण व जत्रेत खंडोबाच्या अथवा बिरोबाच्या पूजेचे आसन होई. दख्खनी मेंढीची ही लोकर भरड असल्याने अंगालगतच्या कपड्यास ती उपयोगी पडली नाही. बाळाच्या टोपड्याची मऊ लोकर मराठी घरात आली ती बाहेरून, आणि पुष्कळ उशिरा.

सूत निघते कसे, याचा विचार रोज सुती वस्त्र नेसणारा मनुष्यही सहसा करीत नाही. कापसाचा एकेक तंतू जेमतेम इंचभर, कित्येकदा त्याहूनही आखूड. असे सुटे तंतू एकमेकांना चिकटलेले नसतात, त्यांना गाठही मारलेली नसते. त्यांना एकत्र धरून ठेवतो तो केवळ पीळ. पीळ बसला की तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि धागा जितका ओढावा तितके ते अधिकच घट्ट धरतात. नवख्या कातणाऱ्याची फजिती होते ती येथेच. पीळ स्वभावतः बारीक जागेकडे धाव घेतो. पेळूतून धागा ओढताना एखादे ठिकाण बारीक राहिले की सारा पीळ तेथे गोळा होतो आणि शेजारची जाड जागा पिळाविना पोकळ राहते. मग धागा त्या जाड जागी सुटतो, आणि पाहणाऱ्यास नवल वाटते की जाड असून तुटला कसा! जाणती कातणारी एका हाताने चाती फिरवीत दुसऱ्या हाताच्या चिमटीत पीळ अडविते, ढील देते, पुन्हा अडविते. हे तिला विचारले तर सांगता येत नाही. बोटे मात्र अचूक करतात. टकळीचा दोष असा की ती तासन्‌तास चालविली तरी सूत थोडे निघते. तिचा गुण असा की ती खिशात मावते आणि स्वयंपाकघरातील दूध उतू जाण्याची वेळ आली तर क्षणात खाली ठेवता येते.

गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहिले तेव्हा त्यांनी चरखा प्रत्यक्ष पाहिला नव्हता, हे त्यांनी आपल्या आत्मकथेत स्वतःच नमूद केले आहे. हिंदुस्थानात परतल्यावर पुष्कळ शोध करूनही चालता चरखा दृष्टीस पडेना. अखेर गंगाबेन मजमुदार या धीट विधवा बाईंनी तो शोध पत्करला आणि बडोदे संस्थानातील विजापूर येथे त्यांना चरखे सापडले. ते कोठे होते? लोकांच्या घरांतच, परंतु माळ्यावर, अडगळीत. पेळू मिळाले तर कातावयास बायका तयार होत्या. पहिले पेळू उमर सोबानी यांच्या गिरणीतून आणावे लागले, आणि गिरणीच्या पेळूवर हातसुताची उभारणी करणे गांधीजींच्या मनाला रुचेना, तेव्हा पिंजारी शोधून पिंजण्याचे कामही सुरू झाले. या हकीकतीत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की विजापूरच्या बायकांची कला मेली नव्हती. घरात काम पडून होते, हात होते, आठवण होती. खंडित झाला होता तो पेळूचा पुरवठा आणि सुताला गिऱ्हाईक.

१९२५ साली अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. १९३० च्या सुमारास येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी पेटीत मिटवून ठेवता येणाऱ्या चरख्यावर पुष्कळ प्रयोग केले आणि तो येरवडा चक्र या नावाने घरोघर गेला. मोठे चाक लहान चाकाला फिरविते, लहान चाक चातीला. काम झाले की झाकण लावून पेटी कोनाड्यात उभी करावी. लहान जागेत राहणाऱ्या कुटुंबांना ही सोय फार मोलाची होती. त्यासोबत मोजमापाची एक नवी भाषाही घरात शिरली. अटेरणावर चार फुटांचा एक वेढा म्हणजे एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. गुंडीत सुमारे ८५३ वार सूत असे.

आता या मापाने एका नऊवारी लुगड्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. पन्हा ४५ इंच धरला आणि इंचाला ४० ताणे व ४० बाणे धरले, तर ताण्याचे १,८०० धागे झाले. प्रत्येक धागा नऊ वारांचा म्हणून ताण्याला १६,२०० वार सूत लागेल. बाण्यालाही तितकेच. एकंदर ३२,४०० वार, म्हणजे ३८ गुंड्या. बऱ्या हाताला पेटीचरख्यावर तासाला सुमारे ३५० वार सूत निघते असे मानले तर ९२-९३ तासांचे कातणे झाले. रोज नेमाने अर्धा तास कातणाऱ्याला यास सहा महिने पुरतात, एकही दिवस न चुकता. मागाच्या कांडीवर भरण्याचा, खळ देण्याचा, विणण्याचा वेळ त्यात धरलेला नाही. लग्नात आहेर म्हणून ‘एक लुगडे’ असे यादीत लिहिले जाते. ते लुगडे घरच्या सुताचे असेल तर त्या दोन शब्दांत कोणाच्या तरी सहा महिन्यांच्या सकाळी जमा झालेल्या असतात.

अशा भेटींची तीन उदाहरणे इतिहासात नोंदली गेली आहेत. १९४२ च्या मार्चमध्ये अलाहाबादेस इंदिरा नेहरू यांचा विवाह झाला तेव्हा त्यांनी नेसलेली गुलाबी खादीची साडी जवाहरलालजींनी तुरुंगात कातलेल्या सुताची होती. मुलीच्या वाढीची कित्येक वर्षे गजाआड गेलेल्या पित्याजवळ देण्यासारखे दुसरे काय होते? वेळ मात्र त्याच्याजवळ होता, आणि तोच त्याने दिला. दुसरे उदाहरण दुःखाचे आहे. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, पुण्याच्या आगाखान वाड्यात कस्तुरबांनी देह ठेवला. त्यांना अखेरचे नेसविलेले लुगडे गांधीजींच्या हातच्या सुताचे होते आणि त्यांनी ते या प्रसंगासाठीच जपून ठेवले होते. साठ वर्षांहून अधिक काळच्या संसारात पतीने पत्नीला दागिना दिला नाही. उलट होते तेही सार्वजनिक कार्याला देऊन टाकावयास लावले. त्या संसाराचा हिशेब कोणी कसाही मांडो, हे लुगडे त्यातील एक जमेची बाब आहे.

तिसरे उदाहरण २० नोव्हेंबर १९४७ च्या विवाहाचे. इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ हिच्या लग्नात काय पाठवावे असा प्रश्न पडला असता, ज्याच्याजवळ स्वतःचे असे काहीच नाही त्याने आपल्या हातचे सूत पाठवावे, असे ठरले. त्या सुताची जाळीदार विणीची एक पट्टी तयार करण्यात आली. तिच्या मध्यभागी ‘जय हिंद’ ही अक्षरे विणलेली होती. भेटींच्या प्रदर्शनात ती पाहून राणी मेरी यांना तो गांधीजींचा पंचा वाटला आणि त्या रुष्ट झाल्या, अशी हकीकत सांगितली जाते. ही पट्टी आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. सूत कोणी कातले हे सर्वांना ठाऊक आहे. ते विणले मात्र एका पंजाबी मुलीने, आणि तिचे नाव घेणारे फारसे कोणी आढळत नाही. घरगुती हस्तकलेच्या बाबतीत असे नेहमीच होते. भेट घराच्या नावाने जाते, विणणारीच्या नावाने क्वचितच.

कातण्याची ही थोर बाजू सांगताना पोटासाठी कातणाऱ्या बाईला विसरून चालणार नाही. यज्ञार्थ अर्धा तास कातणारा आणि पीठमिठासाठी दिवसभर कातणारी यांच्या हातात चरखा एकच, परंतु त्यांचे प्रश्न निरनिराळे. नालवाडीस असताना विनोबांनी रोज अनेक तास कातून, त्या मजुरीत मनुष्याचा निर्वाह होतो की काय, याचा प्रयोग स्वतःवर करून पाहिला. जी मजुरी बाईला पुरेशी म्हणून दिली जाते तीत आपण जगून पाहावे, हा विचारच त्या काळी किती जणांना सुचला असेल! १९३५ साली चरखा संघाने कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी मिळावी असे धोरण ठरविले. त्यामुळे खादी महाग झाली व खपावर परिणाम होईल अशी ओरड झाली. स्वस्त खादी हवी आणि कातणारीला पोटभर अन्नही हवे, या दोन इच्छांचा मेळ घालणे तेव्हा सोपे नव्हते, आजही नाही.

सुताकडून सुयांकडे वळले की मराठी भाषेची एक लकब ध्यानी येते. मागावर लुगडे विणतात, बुरूड टोपली विणतो, सुंभाची बाज विणतात आणि सुयांवर स्वेटरही विणतात. क्रिया मात्र अगदी भिन्न आहेत. मागावर उभे व आडवे असे दोन धागे एकमेकांना अडवितात. सुयांवर धागा एकच. एका फाशातून दुसरा फास ओढून काढावयाचा, त्यातून तिसरा. म्हणूनच मागाचे कापड ताठ राहते आणि सुयांचे विणकाम ओढले तर ताणते, सोडले तर आटते. बाळाच्या अंगासाठी नेमका हाच गुण हवा असतो. जन्मतः मुलाच्या डोक्याचा घेर सुमारे ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि वर्षभरात तो ४६ च्या आसपास जातो. कापडाचे टोपडे दोन-तीन महिन्यांत डोक्यावर चढेनासे होते. विणलेले टोपडे, त्याच्या काठाला दोन सुलट दोन उलट अशी पट्टी घातली असेल तर, हिवाळाभर पुरते.

हे सुयांचे काम आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि साहेबांच्या घरांतून आले. पुढे मुलींच्या शाळांनी ते उचलले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली निघालेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांत प्रौढ स्त्रिया, विशेषतः विधवा, शिवण व हस्तकाम शिकल्या ते चार पैसे मिळवावे म्हणून. लोकर कानपूरच्या लाल इमलीची किंवा पंजाबातील धारीवालची. परदेशी कला, परप्रांतीची लोकर. पण ती ज्या संस्कारात जाऊन बसली तो अस्सल मराठी होता. तो म्हणजे बाळंतविडा. झबली, टोपडी, दुपटी, कुंची यांच्या जोडीला लोकरीचे मोजे व स्वेटर येऊन बसले, आणि मावशी, आत्या, काकू यांच्यात कोणी काय करावयाचे याची वाटणी होऊ लागली.

या वाटणीत घराचे सारे नाते दिसते. नवखी सून सासूबाईंपुढे विणकाम धरते, “सासूबाई, टाच वळवायला लागले नि दोन टाके कमी भरताहेत हो.” सासूबाई चष्मा सावरतात, चारही सुयांवरचे टाके मोजतात आणि म्हणतात, “कमी नाहीत ग, सुटलेत. हा बघ एक, खाली चार ओळींवर.” क्रोशाच्या सुईने तो सुटलेला फास पायरी पायरीने वर आणला जातो. मोज्याची टाच ही विणकामातील खरी परीक्षा. तेथे सरळ नळीला कोन द्यावयाचा असतो, आणि ज्या दोघी एरवी फोडणीवरून बोलत नाहीत त्या टाचेवरून तासभर बोलतात.

वेळेचा हिशेब येथेही करता येतो. ८० टाक्यांचे, ६० ओळींचे टोपडे म्हणजे ४,८०० फासे. मिनिटाला २५ टाके पडले तर तीन तास आणि वर थोडी मिनिटे. तीन तास ही काही मोठी गोष्ट नव्हे असे कोणी म्हणेल. परंतु असे सलग तीन तास घरातील कोणत्या स्त्रीला मिळतात? ते भात शिजेपर्यंतच्या १० मिनिटांतून, मुलगा पाढे म्हणत असतानाच्या पाव तासातून, रात्री कोणाची तरी वाट पाहण्यातून वेचून काढावे लागतात. विणकामाने घराघरांत मुक्काम केला त्याचे कारण त्याच्या सौंदर्याहूनही हे असावे की ते मध्येच टाकता येते. ओळ पूर्ण केली, सुया लोकरीच्या गुंड्यात खोचल्या, आणि उठले.

याच कलेला एक अप्रिय बाजूही लाभली. लग्नातील रुखवतात मुलीच्या हातचे क्रोशाचे रुमाल, तोरणे, ताटावरची आच्छादने मांडण्याची पद्धत पडली. हौस म्हणून सुरू झालेली ही गोष्ट पाहता पाहता परीक्षा झाली. मुलगी पाहावयास आलेली मंडळी स्वयंपाकासोबत विणकामाचीही चौकशी करू लागली आणि मुलीच्या आईने रात्री जागून केलेले रुमाल मुलीच्या नावावर मांडले जाऊ लागले. मागून घेतलेल्या भेटीला भेट म्हणणे कठीण आहे. रुखवतात आज बाजारातून भाड्याने आणलेल्या वस्तूही दिसतात, त्याचे दुःख फारसे कोणी करू नये; निदान कोणाचे डोळे तरी त्यापायी दुखत नाहीत.

अनोळखी माणसासाठी विणण्याचेही प्रसंग आले. दोन्ही महायुद्धांत सैनिकांसाठी मोजे, गळपट्टे विणण्याचे काम येथील स्त्रियांच्या मंडळांतून झाले. त्याहून जिव्हाळ्याची आठवण १९६२ च्या हिवाळ्याची आहे. हिमालयात चिनी आक्रमण झाले, जवानांजवळ थंडीचे पुरेसे कपडे नाहीत असे कळले, आणि देशभर घरोघरी सुया बाहेर पडल्या. ज्यांनी कधी बर्फ पाहिले नव्हते, कोकणच्या उष्ण दमट हवेत ज्यांना स्वेटराचे कारण पडत नव्हते, अशा बायकाही त्यात मागे राहिल्या नसतील. माप ठाऊक नसल्याने मोठ्या मुलाच्या अथवा दिराच्या छातीवर धरून पाहावयाचे आणि दोन टाके अधिक घालावयाचे, एवढाच काय तो आधार.

आज बाजारात लोकर म्हणून मिळणारा पुष्कळसा धागा अ‍ॅक्रिलिकचा असतो. तो स्वस्त आहे, कसर लागत नाही, रंग झगझगीत. परंतु तो घाम शोषीत नाही, आणि निखाऱ्याजवळ नेल्यास वितळतो, हे शेकशेगडीजवळ ठेवल्या जाणाऱ्या तान्ह्या मुलाच्या बाबतीत विसरता कामा नये. खऱ्या लोकरीला जपावे लागते: कोमट पाण्यात रिठ्याने धुवावी, चोळू नये, पिळू नये, दोरीवर टांगू नये, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत सपाट पसरावी. गरम पाण्यात चोळलेला स्वेटर आटून बाहुलीच्या मापाचा होतो व पुन्हा पूर्ववत होत नाही.

मात्र नीट जपलेल्या लोकरीचा एक उपयोग दुसऱ्या कोणत्याही कापडाला नाही. थोरल्याचा स्वेटर त्याला आखूड झाला की तो उसवता येतो. शिवणी उकलाव्यात, जेथे विणकाम संपविले होते ती गाठ शोधावी आणि तेथून धागा ओढावा. एक एक ओळ सरसर सुटत येते. हे काम मुलांच्या विशेष आवडीचे. एकाने स्वेटर धरावयाचा, दुसऱ्याने पाटाच्या दोन खुंट्यांभोवती अथवा धाकट्या बहिणीच्या पसरलेल्या दोन हातांभोवती धागा गुंडाळावयाचा. सुटलेला धागा नागमोडी असतो, कारण इतके दिवस तो फाशांच्या रूपात राहिलेला असतो. त्याची लड चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात बुडवावी, आणि खाली लहानसे वजन अडकवून टांगावी. वाळेपर्यंत तो सरळ होतो. कोपरे आणि मनगटे यांजवळ झिजलेला धागा वेगळा काढावा लागतो, म्हणून धाकट्याच्या स्वेटराला लोकर थोडी कमी पडते. मग छातीवर दोन बोटे रुंदीचा दुसऱ्या रंगाचा पट्टा येतो. जुन्या स्वेटरांवरील कित्येक पट्टे असे आलेले असतात. उरलेला गुंडा, त्यातच खोचलेल्या सुयांसह, पत्र्याच्या डब्यात डांबराच्या दोन गोळ्यांबरोबर ठेवला जातो, पुढच्या बाळाच्या मोज्यांसाठी.